घर हलवायचंय? पॅकर्स-मूव्हर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत महिनाअखेर आली की गेटवर टेम्पोंची रांग लागते. समितीवर असल्यामुळे एनओसीवर सही घ्यायला लोक माझ्याकडे येतात आणि सही होईपर्यंत चार प्रश्न विचारतातच. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: जे ठरलं ते सामान गाडीत चढण्याआधी कागदावर आलं पाहिजे. गाडी भरल्यानंतर बोलण्याची ताकद तुमच्याकडे राहत नाही.

तयारी किती आधी सुरू करावी?

शहरातल्या शहरात जायचं असेल तर दोन-तीन आठवडे पुरतात. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर महिना हाताशी ठेवा. सर्वात आधी दोन फोन करा, एक जुन्या सोसायटीच्या ऑफिसला आणि एक नव्या. बऱ्याच सोसायट्यांत रविवारी सामान हलवू देत नाहीत, काही ठिकाणी संध्याकाळी सहानंतर लिफ्ट मिळत नाही, तर काही ठिकाणी घरमालकाचं पत्र असल्याशिवाय टेम्पो आतच घेत नाहीत. गाडी बुक करून झाल्यावर हे कळलं तर एक दिवसाचं भाडं वाया जातं.

दुसरं काम माळ्याचं. माळ्यावर काय आहे हे घरातल्या कुणालाही नीट माहीत नसतं. पॅकर्सचा माणूस सामान बघायला, म्हणजे सर्व्हेला, येण्याआधी माळा खाली उतरवा, भंगार आणि रद्दी काढून टाका, मग मोजमाप होऊ द्या. नाहीतर पाच वर्षांत न उघडलेला बॉक्स भाडं भरून नव्या माळ्यावर जाऊन बसतो.

भाड्याच्या घरातून निघत असाल तर करारातली नोटिशीची अट बघा. साधारण एक महिन्याची असते. नोटीस तोंडी देऊ नका. किमान व्हॉट्सअॅपवर आणि ईमेलवर, तारखेसह द्या.

कोणत्या तारखेला स्वस्त पडतं?

महिन्याच्या मधल्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार. महिनाअखेर, शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्टीतले मे-जून हे सर्वात महाग. दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास सगळ्यांनाच नव्या घरात जायचं असतं, त्यामुळे तेव्हा चांगल्या कंपनीची गाडी मिळणंच कठीण.

पितृपक्षात आपल्याकडे कुणी घर बदलत नाही. तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल तर त्या पंधरवड्यात गाड्या रिकाम्या असतात आणि भावही खाली येतो. घरातली मोठी माणसं तयार नसतील तर एक मधला मार्ग बरेच जण काढतात: आधी चांगल्या दिवशी नव्या घरात कलश, देव आणि मीठ नेऊन ठेवायचं, दूध उतू घालायचं, आणि सामान नंतर सोयीनं न्यायचं.

पॅकर्स घ्यावेत की टेम्पो करून आपणच हलवावं?

एका खोलीचं सामान असेल, अंतर पाच-सात किलोमीटर असेल आणि मदतीला दोन मित्र असतील तर छोटा हत्ती करा आणि मोकळे व्हा. पोर्टरसारख्या अॅपवरून गाडी मिळते, भाडं आधी दिसतं. फक्त चढवणं-उतरवणं त्या भाड्यात आहे का ते बघून घ्या. ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून खाली उतरेलच असं नाही.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मोठं कपाट आणि काचेचं सामान आलं की पॅकर्स परवडतात. दोन्हींच्या मधलाही पर्याय आहे: कपडे, पुस्तकं, भांडी आपण भरायची आणि मोठं सामान व काचेचं काम त्यांच्याकडे द्यायचं. कोटेशन घेतानाच हे सांगितलं तर पैसे कमी होतात. मात्र आपण भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर कंपनी हात वर करते, हे धरून चला.

गाडीचा साधारण अंदाज असा: वन बीएचकेला पिकअप किंवा टाटा ४०७, टू बीएचकेला १४ फुटी आयशर, थ्री बीएचकेला १७ किंवा १९ फुटी. जुनं लाकडी फर्निचर किंवा भरपूर पुस्तकं असतील तर एक पायरी वर.

कंपनी खरी की बोगस, हे कसं ओळखायचं?

या धंद्यात सर्वात जास्त फसवणूक नावावरून होते. एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे करून तसाच लोगो, तसाच रंग लावलेल्या डझनभर वेबसाइट सापडतात. सर्चमध्ये वर आलेलं नाव बहुतेकदा जाहिरातीचं असतं. एकाच ठिकाणी नंबर टाकला की दहा मिनिटांत पंधरा फोन येतात, कारण तो नंबर दलालाकडे गेलेला असतो. फोनवर बोलणारा दलाल वेगळा, गाडी पाठवणारा वेगळा आणि सामान उचलणारे तिसरेच.

मी लोकांना चार गोष्टी बघायला सांगतो. पहिली, जीएसटी नंबर. तो १५ अंकी-अक्षरी असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९. जीएसटीच्या पोर्टलवर हा नंबर टाकला की नोंदणीचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसतं. कोटेशनवर नाव एक आणि पोर्टलवर भलतंच दिसलं तर तिथेच थांबा. दुसरी, ऑफिस किंवा गोडाऊन. शहरातलीच कंपनी असेल तर एकदा स्कूटर काढून जाऊन या. पत्त्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान निघालं तर कळलंच. तिसरी, वाहतूकदार म्हणून नोंदणी. लोकांचा माल भाड्यानं रस्त्यावरून नेणाऱ्याला 'कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७' खाली नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. खरा माणूस देतो, खोटा 'साहेब, त्याची काय गरज' म्हणतो. चौथी, पैसे कोणत्या खात्यात मागतात. कंपनीच्या नावाचं कोटेशन आणि यूपीआय मात्र कुणा व्यक्तीच्या नावाचं असेल तर अॅडव्हान्स देऊ नका.

ऑनलाइन रेटिंगवर मी फारसा विसंबत नाही. पाच तारे विकत मिळतात. एक तारा दिलेले अभिप्राय मात्र वाचा. 'गाडी भरल्यावर पैसे वाढवले' हे वाक्य दोन-तीनदा दिसलं तर पुढचं नाव बघा.

फोनवरच रेट सांगतात. घर बघायला यायची खरंच गरज आहे का?

हो, हवीच. किमान व्हिडिओ कॉल तरी. घर न बघता दिलेला रेट हा तुम्हाला गळाला लावण्याचा रेट असतो.

समजा तुम्ही फोनवर सांगितलं 'टू बीएचके आहे' आणि समोरच्यानं १४,००० सांगितले. दुसऱ्या कंपनीचा माणूस घरी आला, सगळं लिहून घेतलं आणि १९,००० म्हणाला. पाच हजार वाचले म्हणून तुम्ही पहिला धरलात. सामान हलवायच्या दिवशी सुपरवायझर दारात उभा राहून म्हणतो, 'पलंग दोन आहेत हे सांगितलं नव्हतं. एसी काढायचे वेगळे. तिसरा मजला, लिफ्ट लहान, कपाट जिन्यानं न्यावं लागेल. गाडी गेटपासून लांब लागतेय.' यातलं निम्मं खरंही असतं, कारण तुम्ही सांगितलेलं नसतं आणि त्यानं विचारलेलं नसतं. संध्याकाळपर्यंत १४,००० चे २२,००० होतात आणि तोवर अर्धं घर गाडीत गेलेलं असतं.

म्हणून कोटेशनमध्ये वस्तूंची यादी हवी. त्याखाली पॅकिंगचं साहित्य, पलंग-कपाट खोलणं आणि जोडणं, दोन्हीकडचे मजले, दोन्हीकडे गाडी दारापासून किती लांब लागेल, एसी-गिझर काढणं, टोल, जीएसटी हे सगळं लिहिलेलं असावं. शेवटी 'यापेक्षा जास्त पैसे घेतले जाणार नाहीत' असं एक वाक्य लिहून घ्या. कंपनीच्या ईमेलवरून आलं तर उत्तमच. सर्व्हेला आलेल्या माणसाला लिफ्ट दाखवा, जिना दाखवा, गाडी कुठे लागेल तेही दाखवा. जुन्या वाड्यातल्या घरासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिथल्या बोळात ४०७ सुद्धा शिरत नाही आणि मग छोट्या गाडीच्या फेऱ्या वेगळ्या लागतात.

अॅडव्हान्स थोडासाच. बरचसं पेमेंट सामान नव्या घरात उतरल्यावर. लांबच्या शिफ्टिंगला कंपन्या गाडी भरल्यावर मोठा हिस्सा मागतात, तसा रिवाजच आहे. पण शेवटचा थोडा भाग सामान उघडून बघितल्यानंतरसाठी राखून ठेवा आणि तसं आधीच ठरवा.

पार्ट लोड आणि फुल लोड यात काय फरक?

फुल लोडमध्ये गाडी फक्त तुमची. पार्ट लोडमध्ये तुमच्या सामानाबरोबर दुसऱ्यांचंही सामान जातं. स्वस्त पडतं, पण मध्ये गोडाऊनला सामान उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं आणि प्रत्येक चढ-उतारात थोडं घासतं. पुणे-बेंगळुरू फुल लोड दोन-तीन दिवसांत पोचतं. पार्ट लोडला आठवडा आणि वर कितीही लागू शकतो, कारण गाडी भरल्याशिवाय निघत नाही. पार्ट लोडनं पाठवत असाल तर प्रत्येक खोक्यावर मार्करनं नाव आणि क्रमांक घाला, '७/३२' असा. उतरवताना ३१ भरले तर कोणता कमी आहे ते लगेच कळतं.

मूव्हर्स सामानाच्या किमतीच्या तीन टक्के इन्शुरन्स म्हणून मागतात. घ्यावा का?

आधी विचारा, पॉलिसी कुणाची? बऱ्याचदा हे तीन टक्के कंपनीच्याच खिशात जातात आणि पावतीवर फक्त 'रिस्क चार्ज' किंवा 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू) लिहिलेलं असतं. तो विमा नव्हे, ते कंपनीचं तोंडी आश्वासन. खरा ट्रान्झिट विमा एखाद्या विमा कंपनीचा असतो आणि तिचं सर्टिफिकेट मिळतं. त्यावर तुमचं नाव, कुठून कुठे, गाडी किंवा बिल्टीचा (सामान ताब्यात घेतल्याच्या पावतीचा) तपशील आणि सामानाची जाहीर केलेली किंमत असते. ते सर्टिफिकेट गाडी निघण्याआधी हातात आलं तरच पैसे द्या.

वस्तूंची किंमत यादीत आपण लिहायची असते, आणि लोक तिथे हात आखडतात. टीव्ही ५०,००० चा असताना १०,००० लिहिला तर फुटल्यावर दहाच्या वर मिळणार नाही. आणि किंमत लिहिलीच नाही तर? कॅरेज बाय रोडच्या २०११ च्या नियमांनुसार जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती मर्यादित राहू शकते. घरभर सामानाला ते पुरतं की नाही याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

शहरातल्या शहरात, डोळ्यांसमोर गाडी चाललेली असताना मी विम्याचा आग्रह धरत नाही. घाट ओलांडून किंवा राज्याबाहेर जायचं असेल तर घ्याच. आणि दागिने, रोख, घराचे कागद, शैक्षणिक प्रमाणपत्रं, पासपोर्ट, हार्ड डिस्क हे विम्यात बसो न बसो, ते आपल्याबरोबर आपल्या पिशवीत.

बिल्टी म्हणजे काय आणि ती मागायची कशाला?

बिल्टी, लॉरी रिसीट, एलआर, जीआर ही एकाच कागदाची नावं. वाहतूकदारानं तुमचं सामान ताब्यात घेतलं याचा हा पुरावा. त्यावर पाठवणारा, घेणारा, कुठून कुठे, किती नग, भाडं, गाडीचा नंबर आणि तारीख असावी. नगांची संख्या स्वतः मोजून तपासा. सोबत वस्तूंची यादी आणि त्यावर दोघांच्या सह्या.

गाडी निघण्याआधी नंबर प्लेटचा, भरलेल्या गाडीचा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो काढा. काही ड्रायव्हर कुरकुरतात. काढू द्या म्हणावं.

जीएसटी, ई-वे बिल, जकात… यातलं खरं काय?

जीएसटी खरा आहे. पॅकिंगसकट शिफ्टिंगच्या सेवेवर १८ टक्के लागतो, हे धरूनच कोट मागा. 'बिल नको असेल तर जीएसटी वाचवून देतो' ही ऑफर गोड वाटते, पण बिल नाही म्हणजे उद्या तक्रार करताना तुमच्या हातात काहीच नाही. ऑफिसकडून खर्च परत मिळणार असेल तर बिलाशिवाय तसाही उपयोग नाही.

ई-वे बिल वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला लागत नाही. नियमातच सूट आहे. त्या नावानं कुणी पैसे मागत असेल तर नियम दाखवायला सांगा.

जकात तर राहिलीच नाही. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्याच दिवशी बंद झाली. तरी 'नाक्यावर द्यावे लागतात' म्हणून अजून कुणी ना कुणी मागतंच.

मूव्हर्स काय नेत नाहीत?

गॅस सिलिंडर, पेट्रोल, रॉकेल, अॅसिड, फटाके, स्प्रेचे डबे. झाडांच्या कुंड्या बरेच जण नाकारतात, आणि घेतल्या तरी जबाबदारी घेत नाहीत. तेल-तुपाचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या मी तरी टेम्पोत टाकणार नाही. कैरीच्या लोणच्याचं तेल एकदा गाद्यांत मुरलं की गादी टाकावी लागते. बरणीच्या तोंडावर प्लास्टिक, वर दोरा, मग झाकण, आणि बरणी आपल्या गाडीत पायाशी.

पॅकिंग करताना कशाकडे लक्ष ठेवायचं?

माणसं येतील तेव्हा बरोबर बबल रॅप, कोरुगेटेड शीट, स्ट्रेच फिल्म आणि पुरेसे खोके आणलेत का ते आधी बघा. नुसती स्ट्रेच फिल्म गुंडाळून 'झालं पॅकिंग' म्हणणारे खूप असतात. फिल्मनं धूळ थांबते, धक्का थांबत नाही. धक्क्यासाठी बबल किंवा कोरुगेटेड हवंच. जुन्या चादरी आणि रजया कपाटाच्या कोपऱ्यांना बांधल्या तर चालतात.

पुस्तकं लहान खोक्यात. मोठ्या खोक्यात भरली की खालचा पुठ्ठा जिन्यात फाटतो. तांब्या-पितळेची भांडी एकात एक घालताना मध्ये वर्तमानपत्र. काचेच्या प्लेट उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नकोत. पाटा-वरवंटा, खलबत्ता, जातं गाडीत सर्वात आधी आणि तळाला. त्यांच्यावर काही पडलं तर चालेल, ते कशावर पडायला नकोत.

फ्रिज एक दिवस आधी बंद करून बर्फ वितळू द्या, आतल्या काचा काढून वेगळ्या गुंडाळा. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये जातं. नव्या घरी पोचल्यावर काही तास तसाच राहू द्या आणि मगच चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे ड्रम घट्ट धरणारे ट्रान्झिट बोल्ट लागतात. मशीन घेताना ते मिळालेले असतात आणि बहुतेकांनी ते कुठेतरी जपून ठेवलेले असतात. तो 'कुठेतरी' आठवडाभर आधी शोधा. नव्या घरी मशीन चालू करण्याआधी बोल्ट काढायला मात्र विसरू नका.

स्प्लिट एसी हमालांच्या हाती देऊ नका. टेक्निशियन आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो, मग नळ्या सोडवतो. हे न करता नळी कापली तर गॅस गेला आणि नव्या घरी भरण्याचा खर्च आला. इन्व्हर्टरची बॅटरी उभी आणि वेगळी. वॉटर प्युरिफायरमधलं पाणी काढून घ्या.

टीव्ही मूळ खोक्यात. खोका टाकून दिला असेल तर दोन्ही बाजूंनी जाड थर्माकोल किंवा कोरुगेटेड, आणि तोही उभा. गाडीत तो दोन गाद्यांच्या मध्ये जावा, हे स्वतः उभं राहून सांगा.

पलंग आणि कपाट खोललं तर परत नीट जोडलं जातं का?

सागवानी असेल तर हो. प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डचं असेल तर एकदा खोलल्यावर स्क्रूची भोकं ढिली होतात, आणि दुसऱ्यांदा खोलल्यावर दार लटकतंच. रेडिमेड कपाट पूर्ण खोलण्यापेक्षा दारं काढून सांगाडा तसाच नेता येतो का ते विचारा. खोललेल्या प्रत्येक वस्तूचे स्क्रू-बोल्ट एका छोट्या पिशवीत घालून ती पिशवी त्याच वस्तूला चिकटपट्टीनं लावायला सांगा. 'सगळे एका डब्यात ठेवतो' म्हणाले तर नाही म्हणा. त्या डब्यातून संध्याकाळी पलंगाचे बोल्ट शोधणं म्हणजे वैताग.

गॅस कनेक्शनचं काय करायचं?

पाइपचा गॅस असेल तर कंपनीला आधी कळवून कनेक्शन बंद करून घ्या आणि शेवटचं रीडिंग घ्या.

सिलिंडर असेल आणि त्याच शहरात दुसऱ्या वितरकाकडे जायचं असेल तर कनेक्शन ऑनलाइन ट्रान्सफर होतं, सिलिंडर-रेग्युलेटर परत करावं लागत नाही. दुसऱ्या शहरात जायचं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि डिपॉझिट परत घ्यायचं. त्यासाठी मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन घेताना मिळालेला कागद, लागतं, तेव्हा ते शोधून ठेवा. डिपॉझिट मिळतं ते तुम्ही भरलेलं, आणि नव्या गावी भरायचं ते आजच्या दरानं. १४.२ किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट जून २०२२ मध्ये १,४५० वरून २,२०० झालं, त्यामुळे जुन्या ग्राहकाला फरक खिशातून घालावा लागतो.

बाइक आणि कार?

बाइक मूव्हर्सबरोबर पाठवता येते किंवा रेल्वेच्या पार्सलनं. रेल्वेला आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, टाकी रिकामी करावी लागते आणि बाइक गोणपाटात बांधून द्यावी लागते. मूव्हर्सकडे देताना ओरखडे, किलोमीटर आणि आरसे दिसतील असे फोटो काढा. कार पाठवताना किलोमीटरचा फोटो तर नक्कीच, कारण काही ठिकाणी ती ट्रकवर न चढवता चालवत नेल्याच्या तक्रारी होतात.

दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते. फायनान्सवर गाडी असेल तर बँकेचंही पत्र. ही एनओसी निघण्याआधी काढा. नंतर त्यासाठी परत यावं लागलं की जीव मेटाकुटीला येतो.

सोसायटी 'शिफ्टिंग चार्ज' मागते. द्यावा लागतो का?

समितीवर असूनही सांगतो: पावती मागा आणि सर्वसाधारण सभेत तसा ठराव झालाय का ते विचारा. लिफ्टला ओरखडे पडू नयेत म्हणून परत मिळणारं डिपॉझिट ठेवणं मला रास्त वाटतं. न परतणारी मनमानी रक्कम वाटत नाही. भाड्यानं दिलेल्या घरासाठीचं बिनभोगवटा शुल्क हा वेगळा विषय आहे. त्यावर सेवा शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे आणि ते घरमालकानं भरायचं असतं, भाडेकरूनं नव्हे.

लिफ्टमध्ये पुठ्ठे लावायला मूव्हर्सना आधीच सांगा. जायच्या वेळी वॉचमनसमोर लिफ्टचा एक फोटो काढलेला बरा.

गेटवर काही जण येऊन 'माथाडी'चे पैसे मागतात. काय करावं?

पुणे-पिंपरीतल्या नव्या वस्त्यांत हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. स्थानिक टोळकं येतं, 'आमच्या एरियात सामान आम्हीच उतरवणार' म्हणतं, आणि काम न करताच पैसे मागतं.

महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित करून लढा दिला, त्यातून पाठीवर पोती वाहणाऱ्यांना नियमित मजुरी आणि सुरक्षितता मिळाली. त्या कायद्याचं नाव घेऊन तुमच्या सोफासेटवर खंडणी मागणाऱ्याचा आणि त्या चळवळीचा काही संबंध नाही. नोंदणी असलेल्या माथाडी कामगाराकडे माथाडी मंडळाचं ओळखपत्र असतं, ते दाखवायला सांगा. धमकी देऊन पैसे मागणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे. हुज्जत न घालता ११२ ला फोन करा. सोसायटीच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोला. पैसे देऊन विषय मिटवला तर पुढच्या भाडेकरूला तेच भोगावं लागतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण समिती म्हणून आम्हालाच ते निस्तरावं लागतं.

सामान गाडीत भरल्यावर जास्त पैसे मागितले, नाहीतर उतरवणार नाही म्हणाले तर?

आधी शांतपणे कोटेशन आणि बिल्टी समोर ठेवा. व्हॉट्सअॅपवर कंपनीला लिहा: 'ठरलेली रक्कम इतकी, मागताय इतकी, सामान उतरवायला नकार देताय.' बोलणं लेखी आलं की सूर बदलतो, निदान दहातल्या सहांचा. नसेल बदलत तर ११२. सोपवलेलं सामान वाहतूकदारानं अडकवणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये वाहतूकदारांसाठी वेगळी तरतूद आहे. पोलीस आधी 'हा दिवाणी वाद आहे' म्हणतात, तेव्हा हे कलम आणि बिल्टी दोन्ही दाखवा.

घरात म्हातारी माणसं, लहान मूल असेल आणि रात्रीचे दहा वाजले असतील तर पैसे देऊन सामान उतरवून घेणंच कधी शहाणपणाचं असतं. तसं झालं तर पैसे यूपीआयनं द्या, रोख नको. रिमार्कमध्ये 'तक्रार राखून जादा रक्कम' लिहा.

बुकिंगच्या नावाखाली पैसे घेऊन गाडीच आली नाही, फोन बंद, असं झालं तर तो सायबर फसवणुकीचा मामला. १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

काही तुटलं किंवा हरवलं तर तक्रार कुठे?

डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी नग मोजा, आणि जे फुटलेलं दिसतंय ते त्याच कागदावर हातानं लिहा. 'नंतर ऑफिसला सांगा' असं म्हणतील, तरी लिहा. सगळी खोकी त्या दिवशी उघडणं शक्य नसतं, म्हणून सहीशेजारी 'खोकी न उघडता स्वीकारली' एवढं टाका.

त्यानंतर कंपनीला लेखी नोटीस. कॅरेज बाय रोड कायद्यात बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस देण्याची अट आहे. फोनवर भांडत सहा महिने घालवले तर दावा तिथेच अडतो. स्पीड पोस्टनं पाठवा, पोच जपून ठेवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात 'सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयात' छापलेलं असतं, ते वाचून लोक हातपाय गाळतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

पत्ता कुठे कुठे बदलायचा?

बँक, आधार, मतदार यादी (त्यासाठी फॉर्म ८), गाडीची आरसी, लायसन्स, विमा, डीमॅट, रेशन कार्ड. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याला वेळ लागतो, तो आधी मागा. पोस्टात पत्ता बदलाचा अर्ज दिला तर जुन्या पत्त्यावर आलेली पत्रं नव्या पत्त्याकडे पाठवतात. विजेच्या मीटरचा जायच्या दिवशीचा फोटो घरमालकाला पाठवून ठेवा.

पावसाळ्यात शिफ्टिंग करावं का?

टाळता आलं तर टाळा. नाहीच टळलं तर बंद बॉडीची गाडी मागा. उघड्या गाडीवर ताडपत्री बांधलेली असली तरी मुंबईच्या पावसात खालून पाणी शिरतं. गाद्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून चिकटपट्टीनं सील करा, पुस्तकांच्या खोक्यात आतून प्लास्टिकची पिशवी घाला, आणि खोकी गाडीच्या तळाला थेट ठेवू नका.

हमालांना वर काही द्यायचं का?

द्यायचं, पण सुपरवायझरच्या हातात नाही, प्रत्येकाच्या हातात. बक्षिसी सक्तीची नाही. सकाळी आल्याआल्या पाणी आणि चहा विचारा, दुपारी वडापाव मागवा. पाच मजले जिन्यानं कपाट उतरवणारा माणूस तुमचा टीव्ही कसा धरतो यावर त्याचा परिणाम होतोच.

रिकाम्या खोक्यांचं काय करायचं?

काही कंपन्या परत नेतात, कोट घेतानाच विचारा. नाहीतर रद्दीवाला. टीव्हीचा खोका आणि वॉशिंग मशीनचे बोल्ट मात्र ठेवा, आणि बोल्टच्या पिशवीवर 'वॉशिंग मशीन' असं लिहून ती पिशवी मशीनच्याच मागे चिकटवा.